कुशीवर वळण्याचे शास्त्र : परिचारिकांनी केलेले एक संशोधन

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शक उभा राहतो. परिचारिका, म्हणजे रुग्णालयात आपण ज्यांना 'सिस्टर' म्हणून हाक मारतो त्या, संशोधन करतात असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. इंजेक्शन देणे, ताप पाहणे, चादर बदलणे यात शोधून काढण्यासारखे काय असते, असा प्रश्न नववीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारला. प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मात्र तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत बसण्यासारखे नव्हते, म्हणून ते पत्रिकेच्या या अंकात विद्यार्थ्यांबरोबर पालक आणि विश्वस्त मंडळींपुढेही ठेवीत आहे.

परिचर्येतील संशोधनाचा पसारा मोठा आहे. त्यातला एकच विषय मी निवडला आहे, तो म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला होणाऱ्या जखमा. पुस्तकी भाषेत त्यांना शय्याव्रण म्हणतात, दवाखान्यात 'बेडसोअर' म्हणतात. विषय ऐकायला बरा नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या समाजात आता अशी घरे थोडी नाहीत, जिथे मुले पुण्याला किंवा परदेशात आहेत आणि इथल्या जुन्या घरात आजी किंवा आजोबा पलंगावर आहेत. पक्षाघात, खुब्याचे हाड मोडणे, विस्मरणाचा आजार, कारण काहीही असो. त्या घरात हा विषय कधी ना कधी येतोच.

आधी ही जखम होते कशी ते पाहू. विद्यार्थ्यांनी आपल्या तळहातावर अंगठा जोरात दाबून पाच सेकंद धरावा आणि मग उचलावा. दाबलेली जागा फिकट दिसते आणि क्षणार्धात तिचा मूळ रंग परत येतो. दाबामुळे त्वचेतल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या बंद झाल्या होत्या, त्या उघडल्या. आता कल्पना करा, की अंगठ्याऐवजी आपले स्वतःचेच हाड आतून दाबते आहे आणि बाहेरून गादी. मधले मांस आणि त्वचा त्या दोहोंत चेपली जाते. पाच सेकंदांऐवजी पाच तास गेले, तर तिथे रक्त पोहोचत नाही आणि तेवढा भाग मरतो. माकडहाडाजवळचा भाग, टाचा, खुबे, खांद्याची पाती, कोपर, डोक्याची मागची बाजू, म्हणजे जिथे हाड आणि कातडी यांत मांस कमी, तिथे धोका जास्त. जखम पुष्कळदा आत हाडाजवळ सुरू होते आणि वर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ती इतकी खोल जाऊ शकते, की आतले हाड दिसते. जंतूंचा संसर्ग रक्तात गेला तर माणूस दगावतो.

आपल्याला हे का होत नाही? कारण आपण झोपेतही वळत असतो. पाठ अवघडली की मेंदू न सांगता कूस बदलायला लावतो. ज्याला हे वळणे शक्य नाही, किंवा अवघडल्याचे कळतच नाही, त्याच्यावर ही वेळ येते.

आता इतिहास. एकोणिसाव्या शतकात या जखमांविषयी दोन टोकांची मते होती. पॅरिसचे प्रख्यात मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांचे म्हणणे असे, की मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की ही जखम होणारच, ती त्या इजेचाच भाग. मग सेवा कितीही करा. दुसरीकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली आपल्या परिचर्येवरील पुस्तकात दोष सरळ शुश्रूषेवर ठेवला. म्हणजे एक मत नशिबाचे आणि दुसरे हलगर्जीपणाचे.

नाइटिंगेलबाईंचा हेतू चांगला होता आणि त्यांच्या मतामुळे परिचारिका जागरूक झाल्या, हे खरे. पण त्या मताची दुसरी बाजूही आहे. जखम झाली म्हणजे दोष परिचारिकेचा, असे ठरले की परिचारिका जखम लपवते. आपल्या घरांतूनही हेच चालते. भेटायला आलेली मंडळी आजारी माणसाची विचारपूस करतात, पाठीला जखम आहे असे कळते आणि जिना उतरता उतरता म्हणतात, 'सुनेने नीट केले नाही हो.' ती सून सहा महिने रात्रीची सलग झोपलेली नसते. आणि तिच्या सासूबाईंची प्रकृती, वजन, आहार, साखर यांचा विचार कोणी केलेलाच नसतो. मला हे बोलणे फार अन्यायाचे वाटते. पण अन्याय वाटतो एवढे म्हणून भागत नाही. कोणाला, का आणि केव्हा जखम होते हे मोजून सांगता आले पाहिजे. ते काम परिचारिकांनी केले.

तिकडे वळण्यापूर्वी एका डॉक्टरांचे नाव घ्यावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागून कमरेखाली लुळे झालेले सैनिक पाठीच्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनीच मरत. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मॅन्डेव्हिल येथे अशा सैनिकांसाठी विभाग उघडला. लुडविग गुटमान या जर्मनीतून आलेल्या ज्यू डॉक्टरांनी तिथे नियम घातला, की प्रत्येक रुग्णाला दिवसरात्र दर दोन तासांनी वळवायचे. स्वतः रात्री फेरी मारून ते तपासत. सैनिक जगू लागले. जगू लागले तसे त्यांना काही करायला हवे, म्हणून १९४८ साली गुटमान यांनी रुग्णालयाच्या मैदानावर त्यांचे खेळ भरविले. त्याच खेळांतून पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उभ्या राहिल्या. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात त्यांच्याही पाठीच्या कण्यात गोळी शिरली होती. खेळाच्या तासाला हे मुलांना अवश्य सांगावे.

'दर दोन तासांनी' हा नियम मात्र सगळीकडे पसरला आणि पसरता पसरता त्यातला विचार मागे राहिला. सर्वांना सारखे, दोन तासांनी. त्याआधीचा रिवाजही असाच सरसकट होता. इंग्लंडच्या वॉर्डांत ठरलेल्या वेळी परिचारिका गाडा घेऊन निघत आणि प्रत्येक खिळलेल्या रुग्णाची पाठ साबणाने, स्पिरिटने चोळून पावडर लावीत. ज्याला गरज आहे त्याचीही आणि ज्याला नाही त्याचीही. आपल्याकडेही स्पिरिट-पावडरचा हा प्रकार अनेकांनी पाहिला असेल.

डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने या रिवाजाला पहिला प्रश्न विचारला. वृद्धांच्या परिचर्येचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी सहकारी परिचारिका मॅक्लारेन आणि वृद्धरोगतज्ज्ञ एक्स्टन-स्मिथ यांच्याबरोबर काम केले आणि १९६२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे २५० वृद्धांची त्यांनी नोंद ठेवली. कोण कोणत्या स्थितीत आला, त्याला जखम झाली का, झाली तर कोणत्या दिवशी. दोन गोष्टी दिसल्या. पहिली, बहुतेक जखमा दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच झाल्या. म्हणजे पाहण्याची वेळ सुरुवातीची आहे. दुसरी, पाठीला काय चोळले याला फारसे महत्त्व नव्हते. दाब हटविला की नाही याला होते. इतकी वर्षे चाललेली ती साबण-स्पिरिटची मेहनत चुकीच्या जागी खर्च होत होती.

पण नॉर्टन यांचे नाव आज घेतले जाते ते त्यांच्या कोष्टकामुळे. त्यांनी पाच गोष्टी निवडल्या. शरीराची एकूण प्रकृती, मनाची जागरूकता, चालणे-फिरणे, हातपाय स्वतः हलविण्याची क्षमता आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण. सर्व ठीक असेल तर २०, सर्वांत वाईट स्थिती असेल तर ५. चौदा किंवा त्याहून कमी गुण आले, तर त्या माणसाला धोका आहे असे समजावे.

आपण उदाहरण करून पाहू. दोन काल्पनिक आजी आहेत. पहिल्या आजींचे खुब्याचे हाड मोडले आहे, शस्त्रक्रियेची वाट पाहत त्या पलंगावर आहेत. बोलायला चतुर, सगळ्यांना नावानिशी ओळखतात, बेडपॅन मागून घेतात. त्यांची प्रकृती मध्यम म्हणून ३, जागरूकता पूर्ण म्हणून ४, पलंगावरच म्हणून चालण्याला १, हालचाल फार मर्यादित म्हणून २ आणि मलमूत्रावर ताबा पूर्ण म्हणून ४. बेरीज १४. दुसऱ्या आजींना विस्मरण आहे. नातवाला भाऊ समजतात, कधी कधी लघवी होऊन जाते, पण घरभर फिरत असतात. प्रकृती ३, जागरूकता २, चालणे ४, हालचाल ४, ताबा ३. बेरीज १६. घरातल्या लोकांना काळजी दुसऱ्या आजींची वाटते. पाठीच्या जखमेचा धोका मात्र पहिल्या, हसतबोलत असलेल्या आजींना अधिक आहे. डोळ्यांना जे उलटे दिसत होते ते पाच आकड्यांच्या बेरजेने सरळ केले. सहावीतल्या मुलालाही करता येईल अशी ही बेरीज आहे, आणि तीच मला या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

नॉर्टन यांच्या कोष्टकात उणिवाही होत्या. त्यात खाण्यापिण्याला वेगळा रकाना नव्हता आणि घसरण्याचा विचार नव्हता. घसरणे म्हणजे काय? पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली, की माणूस हळूहळू पायांकडे सरकतो. त्याची हाडे खाली सरकतात, पण कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते. आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या आणि पिळल्या जातात. जेवण भरविण्यासाठी उठवून बसविले आणि दोन तास तसेच ठेवले, तर नेमके हेच होते. अमेरिकेतील बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन परिचारिकांनी १९८७ साली सहा रकान्यांचे नवे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात जाणीव, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि हे घासणे-घसरणे आले. हे ब्रेडन कोष्टक आज जगभर वापरले जाते आणि आपल्या मोठ्या रुग्णालयांच्या केसपेपरवरही पुष्कळदा आढळते.

यापुढचा भाग आपल्याशी थेट संबंधित आहे. जखमेची पहिली खूण कोणती, तर त्वचेवर लाली येते आणि बोटाने दाबली तरी ती जात नाही, असे पाठ्यपुस्तकात असे. हे पुस्तक गोऱ्या कातडीसाठी लिहिलेले होते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही, किंवा जांभळट-काळसर छटा दिसते आणि ती मळासारखी वाटते. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांच्या जखमा उशिरा, पुढच्या पायरीवर गेल्यावर ओळखल्या जात होत्या. कोणी मुद्दाम दुर्लक्ष करीत होते असे नाही; शोधण्याची खूणच त्यांच्यासाठी चुकीची होती. या विषयावरील तिथल्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने १९९८ साली व्याख्या बदलली. रंगाबरोबरच ती जागा आसपासच्या त्वचेपेक्षा गरम आहे की गार, टणक आहे की लिबलिबीत, दुखते की खाजते हेही पाहावे, असे त्यात आले. म्हणजे नुसते डोळे पुरत नाहीत, हात लावून पाहावे लागते. आपल्या घरातल्या बहुतेकांसाठी हीच पद्धत योग्य आहे. दिवसा, खिडकीच्या उजेडात पाहावे आणि हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही बाजूंची उष्णता ताडून पाहावी.

आता त्या दोन तासांच्या नियमाकडे येऊ. दर दोन तासांनी वळवायचे म्हणजे रात्रीत चार-पाच वेळा झोपमोड, रुग्णाचीही आणि वळविणाऱ्याचीही. हे सर्वांना खरोखर आवश्यक आहे का? हा प्रश्न पुन्हा बर्गस्ट्रॉम यांनीच विचारला. अमेरिका आणि कॅनडातील वृद्धांच्या २७ शुश्रूषागृहांत, ६५ वर्षांवरील ९४२ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटाला दर दोन तासांनी, दुसऱ्याला तीन तासांनी, तिसऱ्याला चार तासांनी तीन आठवडे वळविले. सर्वांना घनदाट फोमच्या चांगल्या गाद्या होत्या. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. जखमा झाल्याचे प्रमाण दोन तासांच्या गटात २.५ टक्के, तीन तासांच्या गटात ०.६ टक्के आणि चार तासांच्या गटात ३.१ टक्के. विद्यार्थी म्हणतील, तीन तास सर्वांत चांगले! तसा अर्थ काढता येत नाही. एवढ्या लहान आकड्यांतला हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून संशोधकांनी तिन्ही गट सारखेच मानले. गादी चांगली असेल आणि लक्ष नियमित असेल, तर अशा अनेक वृद्धांना चार तासांचे अंतरही चालू शकते, एवढेच यातून म्हणता येते. साध्या कापसाच्या, गोळे झालेल्या गादीवर हे लागू नाही. शिवाय सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाला त्याच्या त्वचेकडे पाहूनच ठरवावे लागते.

किती वेळाने वळवायचे याइतकेच कसे वळवायचे हेही महत्त्वाचे. आयर्लंडमधील परिचारिका-संशोधक झेना मूर यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या प्रश्नावर आहे. आपण माणसाला पूर्ण कुशीवर करतो, म्हणजे ९० अंशांत. मग सगळा भार खुब्याच्या एका टोकदार हाडावर येतो. मूर यांनी बारा ठिकाणच्या २१३ वृद्धांचे दोन गट केले. एका गटाला रात्री नेहमीसारखे दर सहा तासांनी पूर्ण कुशीवर वळविले, दुसऱ्याला दर तीन तासांनी, पण केवळ ३० अंशांत कलते केले. या कलण्यात भार मांसल भागावर येतो, खुब्यावरही नाही आणि माकडहाडावरही नाही. पहिल्या गटात ११ टक्के लोकांना जखमा झाल्या, दुसऱ्यात ३ टक्के. वेळ आणि कोन दोन्ही बदलल्यामुळे यश नेमके कशाचे हे वेगळे काढता येत नाही, हेही सांगायला हवे. पण ३० अंश कलते करणे एकट्या माणसाला जमते. पाठीमागे एक उशी खोचली, पायांखाली एक दिली, की झाले. पूर्ण कुशीवर करायला बहुधा दोन माणसे लागतात. घरी एकट्या असलेल्या मुलीला किंवा सुनेला या फरकाचे मोल कळेल.

इथे कोणी म्हणेल, की कोष्टक भरले म्हणजे काम झाले. तसे नाही, आणि हेही परिचारिकांनीच शोधून काढले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या रुग्णालयात १,२३१ रुग्णांवर एक तुलना झाली, तिचा निकाल २०११ चा. काही रुग्णांसाठी गुणांचे कोष्टक वापरले, काहींसाठी केवळ अनुभवी परिचारिकेचा अंदाज. जखमांच्या प्रमाणात फरक पडला नाही. माझ्या मते कोष्टक हे नवख्या माणसाला काय काय पाहायचे ते शिकविते. ज्याची नजर तयार झाली आहे तो ते न लिहिताही पाहतो. पाढे पाठ झाल्यावर कोणी भिंतीवरचा तक्ता पाहत नाही. घरची माणसे मात्र नवखीच असतात, म्हणून त्यांना तक्ता हवा.

ब्रिटनमध्ये लीड्स विद्यापीठातील जेन निक्सन यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. त्वचेवर काही दिसण्याआधी त्या जागी दुखते, आणि जिथे दुखते तिथे पुढे जखम होण्याची शक्यता अधिक. गंभीर जखमा झालेल्या काही रुग्णांच्या हकिगतींत असेही आढळले, की त्यांनी दुखत असल्याचे आधी सांगितले होते आणि ते कोणी मनावर घेतले नव्हते. आता आपल्या इथल्या रुग्णालयात काय होते ते पाहा. आजी आयुष्यभर बाहेर उत्तम हिंदी बोलल्या, पण दुखण्यात माणूस आईच्या भाषेत जातो. त्या म्हणतात, 'चुरचुरतंय', 'ठणकतंय', 'बूड बधिर झालंय'. सिस्टर केरळच्या किंवा इथल्याच हिंदी भाषिक. त्यांना कळते एवढेच, की 'माताजी को दर्द है', आणि दर्दाची गोळी मिळते. चुरचुरणे म्हणजे ओलाव्याने कातडी सोलवटली असेल, बधिर होणे म्हणजे दाब असेल. दोन्हींचे उपाय वेगळे. जवळ असलेल्या नातेवाइकाने हे शब्द नीट समजावून सांगावेत. 'इन्हें करवट दिलवा दीजिए, कमर के नीचे सुन्न हो रहा है,' एवढे एक वाक्य गोळीपेक्षा उपयोगी पडेल. मराठी टिकविण्याविषयी आपण सभांतून पुष्कळ बोलतो. नातवंडांना आजीचे हे शब्द समजणे हाही त्यातलाच भाग आहे.

आणि नातेवाइकाचे नाव निघाले म्हणून सांगते. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास अशा देशांतले आहेत, जिथे रुग्णाला वळविण्याचे काम पगारी परिचारिका आणि मदतनीस करतात. आपल्याकडे जनरल वॉर्डात एका सिस्टरकडे इतके रुग्ण असतात, की वळविण्याचे काम पलंगाशेजारी स्टुलावर बसलेल्या 'अटेंडंट'वर येते. तो भाऊ असतो, मुलगी असते, गावाहून आलेला पुतण्या असतो. त्याला कोणी शिकविलेले नसते. तेव्हा आपल्या देशात हे ज्ञान सिस्टरांच्या पुस्तकात राहून पुरणार नाही, स्टुलावर बसणाऱ्यापर्यंत यायला हवे.

त्या दृष्टीने घरच्यांसाठी थोडे. लाल किंवा काळसर झालेली जागा चोळू नये. आतले नाजूक झालेले मांस त्याने आणखी फाटते. हवा भरलेली गोल रिंग बसायला देण्याची पद्धत आहे, तीही आता चुकीची मानतात, कारण रिंगच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा अडवितो. टाचांखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवण्याचेही तसेच. त्याऐवजी पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. चादरीला सुरकुती आणि पोळीचे कण नसावेत. वर सरकविताना ओढू नये, चादरीसकट दोघांनी उचलावे. लघवी-शौच झाल्यावर लगेच पुसून कोरडे करावे. वरण, दूध, अंडे चालत असल्यास अंडे, म्हणजे प्रथिने पोटात जावीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे डॉक्टरांना विचारून. विजेवर चालणारी हवेची गादी मदत करते, पण ती आणली म्हणून वळविणे बंद करू नये. आणि डाग दाब हटवूनही जात नसेल, फोड आला असेल, वास येत असेल किंवा ताप असेल, तर घरगुती मलम न लावता डॉक्टरांना दाखवावे. योग्य काळजी घेऊनही काही जखमा होतात, विशेषतः अखेरच्या दिवसांत, जेव्हा त्वचाही इतर अवयवांप्रमाणे थकते. भेटीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून बोलावे.

शेवटी बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांशी दोन शब्द. जीवशास्त्र घेतलेल्या मुलीने 'मला नर्सिंगला जायचे आहे' म्हटले, की घरात शांतता पसरते. हा संकोच जुना आहे. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तिथल्या मुलींना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले, तेव्हाही चांगल्या घरच्या मुलींनी हे काम करावे का, अशीच कुजबुज होती. भारतात परिचर्येची पदवी १९४६ पासून दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली. आता पदवीनंतर एम.एससी. आणि पीएच.डी.पर्यंत शिकता येते आणि मुलांनाही प्रवेश असतो. वर ज्यांची नावे आली त्या नॉर्टन, ब्रेडन, बर्गस्ट्रॉम, मूर आणि निक्सन या सर्वजणी परिचारिकाच.

पुढच्या पालक सभेनंतर शाळेच्या सभागृहात अर्धा तास प्रात्यक्षिक ठेवले आहे. एक पलंग, चार उशा आणि आपल्याच पालकांपैकी एक निवृत्त सिस्टर असतील. ३० अंश म्हणजे नेमके किती हे डोळ्यांना पुष्कळ कमी वाटते, म्हणून नववीच्या विद्यार्थ्यांनी कंपासपेटीतला कोनमापक बरोबर आणावा.